बाली भाषेंतील पाहुणे शब्द व घरचे शब्द

इ. स. १९२७ मध्यें कविवर्य रवींद्रनाथ टागोर जावा व बाली या बेटांच्या प्रवासास गेले होते. बाली बेटांत कारंगासमच्या राजाबरोबर ते एकदां मोटारींतून चालले होते. दोघांना समान अशी भाषा नव्हती आणि दुभाषीहि बरोबर नव्हता. प्रवास मुकाट्यानें चालला असतां समुद्र दिसूं लागला, तेव्हां राजा 'समुद्र' असें म्हणाला. ओळखीचा शब्द ऐकून कवींना आनंद झाल्याचें पाहतांच त्यानें 'सागर', 'अब्धि' असे त्याचे पर्याय म्हणून दाखविले आणि मग आपल्याकडील पर्वतांचीं व नद्यांचीं संस्कृत नांवें एकामागून एक उच्चारलीं. रवींद्रनाथांनीं ही हकीकत आपल्या प्रवासपत्रांत लिहून ठेविली आहे.

ही गोष्ट ऐकली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत एकच विचार येतो : 'पाहा, आमची भाषा केवढ्या दूर जाऊन पोंचली!' हा अभिमान अगदींच निराधार आहे असें नाहीं. पण तो अपुरा आहे. राजानें ते शब्द पाहुण्याला कळावेत म्हणून निवडले होते. त्याच किनाऱ्यावर होडी लोटणारा कोळी समुद्राला 'पासिह' म्हणतो, आणि तो शब्द आपल्या कोणत्याहि कोशांत सांपडावयाचा नाहीं. बाली भाषेची ओळख करून घ्यावयाची तर राजाच्या 'समुद्रा'बरोबर कोळ्याचा 'पासिह'हि ऐकला पाहिजे. संस्कृतांतून आलेले पाहुणे शब्द आणि त्या मातीतले घरचे शब्द, या दोहोंची थोडी हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

बाली हें जावाच्या पूर्वेस लागूनच असलेलें इंडोनेशियांतील बेट. विस्तारानें तें आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनहि लहान आहे. तेथील भाषा मराठीप्रमाणें संस्कृताच्या कुळांतली नव्हे. मलय, जावानी, फिलिपाइन्समधील तागालोग, फार काय, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटांतील भाषा, यांची ती बहीण. संस्कृत शब्द तिच्यांत आले ते बहुतांशीं प्राचीन जावानी भाषेच्या, म्हणजे 'कवि' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या काव्यभाषेच्या, वाटेनें. आलेल्या पाहुण्यांना तिनें मानाच्या पाटावर बसविलें. पण घरच्या माणसांना घराबाहेर काढलें नाहीं. हें तिनें कसें साधलें, तें पाण्याच्या उदाहरणावरून चांगलें कळतें.

नदीचें, विहिरीचें, घागरींतलें पाणी म्हणजे 'येह'. डोळ्यांतलें पाणी तें 'येह माता'. तेंच पाणी एखाद्या आदरणीय माणसासमोर बोलतांना 'तोया' होतें. हा आपला संस्कृत 'तोय' शब्द. आणि पुरोहितानें मंत्रानें पवित्र केलें कीं त्याच पाण्याला 'तीर्त' म्हणतात. देवळांतून आपण 'तीर्थ' घेतों तेंच हें. पाणी एक, पण तें कोणापुढें आहे यावरून त्याचें नांव बदलतें. सूर्याचेंहि तसेंच आहे. शेतकऱ्याच्या तोंडीं तो 'मातान् आइ', म्हणजे 'दिवसाचा डोळा'. आदराच्या भाषेंत 'सूर्य'. अग्नि हा चुलींत 'आपी' आणि आदराच्या भाषेंत 'गनी'. समुद्र हा कोळ्याचा 'पासिह', तर मानाचा 'सगारा'.

ही नुसती शब्दांची हौस नव्हे. बाली भाषेंत बोलण्याच्या पायऱ्याच ठरलेल्या आहेत, आणि समोरच्याची व आपली योग्यता पाहून पायरी निवडावी लागते. जेवणाचीच गोष्ट घ्या. बरोबरीच्या माणसाशीं बोलतांना 'मादाआर' हें क्रियापद चालतें. वडीलधाऱ्या पाहुण्याला अथवा पुरोहिताला मात्र 'ङ्रायुनांग' हाच शब्द लावावयाचा. 'ङामाह' हें जनावरांचें खाणें. तें माणसाला लाविलें कीं भांडणच. आणि स्वतःच्या जेवणाविषयीं विनयानें बोलावयाचें झालें तर 'नुनास' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'मागणें, याचना करणें'. देवळांत तीर्थ मागावयाचें तेंहि 'नुनास' आणि आपल्या घरीं आपण जेवावयाचें तेंहि 'नुनास'. आपल्याकडेहि कोणी गिळतो, कोणी खातो, कोणी जेवतो आणि कोणी भोजन करतो. परंतु आपल्या घासाला याचनेचें नांव देण्याचा हा विनय विचार करण्यासारखा आहे. आणि ध्यानांत घ्या, 'नुनास' हा शब्द संस्कृत नाहीं, घरचाच आहे.

आतां शेताकडे वळूं. शेतांत लावावयाचें रोप, ज्याला आपल्याकडे कोठें तरवा म्हणतात, तें 'बुलिह'. उभें पीक 'पादी'. मळणी होऊन टरफलासह असलेला दाणा 'जिजिह'. सडलेला तांदूळ 'बाअस'. शिजलेला भात 'नासी'. पांच अवस्था, पांच शब्द. आपण शेतांतल्या पिकालाहि 'भात' म्हणतों आणि पानांतल्या अन्नालाहि 'भात'च म्हणतों. बाली माणूस तसें करीत नाहीं. या पांचांत एकहि संस्कृत शब्द नाहीं. पण या धान्याची जी देवता, तिचें नांव मात्र 'देवी श्री'. पीक घरच्या नांवाचें आणि त्याची देवता पाहुण्या नांवाची, अशी ही सोयरीक आहे.

नारळाच्या झाडाशीं तर बाली माणसाचें नातें आपल्या कोंकणी माणसाइतकेंच जवळचें. नारळ म्हणजे 'न्युह'; कोवळें शहाळें 'कुउद'. झावळीला एक नांव पुरत नाहीं. कोंवळी, पिवळसर असते तेव्हां ती 'बुसुंग'. हिरवी, जून झाली कीं 'स्लेपान'. वाळली कीं 'दान्युह'. प्रत्येकीचें काम निराळें. 'बुसुंग' कापून व टांचून देवापुढें ठेवावयाच्या 'चानांग' नांवाच्या लहान परड्या करतात. त्यांत फुलें आणि विड्याचें पान, सुपारी व चुना यांची इवलीशी पुडी असते. 'स्लेपान' विणकामास उपयोगी. 'दान्युह'ची चूड पेटवितात. आपल्या कोंकणांतहि वाळलेल्या झावळीला 'चुडत' असें निराळें नांव आहे, आणि तिचीच चूड अंधारांत वाट दाखवी. हें कोणी कोणाकडून उसनें घेतलेलें नव्हे. माडाखालीं राहणाऱ्या माणसांना माडानेंच हे भेद शिकविले आहेत.

स्वयंपाकघरांतल्या दोन शब्दांना मात्र खरेंच आपलें नातें आहे. बालींत व मलय भाषेंत साखरेला 'गुला' म्हणतात. संस्कृत 'गुड' शब्दापासून आपला 'गूळ' झाला आणि त्याच शब्दापासून त्यांचा 'गुला'. दुसरा शब्द तिखटाचा. मिरचीला बालींत 'ताबिया' म्हणतात. मिरची ही मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजादि लोकांच्या गलबतांतून ती पूर्वेकडे आली. तिच्या आधीं जावा-बालींत तिखटपणासाठीं लांब पिंपळी वापरीत, आणि तिचें नांव नव्या फळाला मिळालें. बिचारी जुनी पिंपळी आतां 'ताबिया बुन', म्हणजे 'वेलीवरची ताबिया', या नांवानें ओळखली जाते. आपल्याकडेहि मिऱ्यांच्या नांवावरूनच 'मिरची' शब्द घडला. दोन दूरच्या स्वयंपाकघरांनीं एकाच परक्या पाहुणीला एकाच युक्तीनें घरांत घेतलें. चाफ्याच्या बाबतींत उलट झालें. अमेरिकेंतूनच आलेल्या एका सुवासिक फुलझाडाला आपण 'देवचाफा', 'खुरचाफा' म्हणून चाफ्याच्या कुळांत घातलें. बाली लोकांनीं खऱ्या सोनचाफ्यासाठीं संस्कृत 'चंपक' शब्दाचें 'चेंपाका' हें रूप राखून ठेविलें, आणि नव्या झाडाला 'जेपुन' असें स्वतंत्र नांव दिलें.

यापुढील शब्द दिशांचे. नकाशा पुढें ठेवून मुलांना उत्तर-दक्षिण शिकविणाऱ्या मजसारख्या शिक्षकाला ते मोठे चमत्कारिक वाटतात. बालींत 'काजा' म्हणजे डोंगराकडची दिशा व 'केलोद' म्हणजे समुद्राकडची दिशा. 'कांगिन' पूर्व आणि 'काउह' पश्चिम. बेटाच्या मधोमध पर्वतांची रांग आहे. म्हणून दक्षिण बालींतील माणसाची 'काजा' उत्तरेस येते, आणि उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजा शहरांत तीच 'काजा' दक्षिणेस येते. होकायंत्र येथें हरतें. डोंगर हें देवतांचें स्थान. म्हणून घरांतील देवघर 'काजा' व 'कांगिन' यांच्या कोपऱ्यांत असावयाचें, आणि झोंपतांना डोकें त्याच बाजूंना करावयाचें. आपले कोंकणी लोक किनाऱ्याकडच्या भागाला 'खालाटी' व डोंगराकडच्या भागाला 'वलाटी' म्हणतात, तोच हा विचार. 'काजा' आणि 'केलोद' हे शब्द ज्याला आले, त्याला आपलें घर डोंगर व समुद्र यांच्यामध्यें कोठें उभें आहे हेंहि कळलें.

काळ मोजण्याच्या शब्दांत पाहुणे आणि घरचे अगदीं खांद्याला खांदा लावून बसले आहेत. बालींतील सात वार ऐका : रदिते, सोम, अंगार, बुद, व्रस्पति, सुक्र, सनिश्चर. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पति, शुक्र, शनैश्चर हीं आपलींच नांवें. पण याच्याबरोबर पांच दिवसांचा दुसरा एक आठवडा चालतो : उमानिस, पाइंग, पोन, वागे, क्लिवोन, हा सर्वस्वी तिकडचा. ज्या शनिवारीं 'क्लिवोन' येतो तो 'तुंपेक' नांवाचा सण, आणि तो दर पस्तीस दिवसांनीं येतो. एक चाक पाहुणें, एक चाक घरचें, आणि गाडी दोहोंवर चालते.

वर्षगणनेंत तर महाराष्ट्राशीं थेट नातें आहे. आपण पंचांगावर जो शक लिहितों तोच शक बालींतहि चालतो. २०२३ सालीं २२ मार्चला आपला गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवशीं बालींतहि नवें वर्ष लागलें. दोन्हीकडे शके १९४५. मात्र अधिक मासाचे हिशेब निराळे असल्यामुळें दरवर्षीं असा मेळ बसत नाहीं. आपण पाडवा गुढी उभारून साजरा करतों. ते तो मौनानें पाळतात. त्या दिवसाला 'न्येपी' म्हणतात. चोवीस तास चूल नाहीं, दिवा नाहीं, रस्त्यावर माणूस नाहीं. विमानतळसुद्धां बंद असतो. या दिवसाचे चार निर्बंध आहेत : 'अमाति गनी' म्हणजे अग्नि नको, 'अमाति कार्य' म्हणजे काम नको, 'अमाति लेलुंगान' म्हणजे प्रवास नको, आणि 'अमाति लेलांगुआन' म्हणजे करमणूक नको. पहिले दोन शब्द आपल्याला चटकन् ओळखूं येतात. पुढचे दोन तिकडचे. पण व्रत मोडण्यास चारांपैकीं कोणतेंहि एक पुरतें.

आतां झाडांकडे येतों. 'तुंपेक' सणांपैकीं एक झाडांचा आहे. त्याला 'तुंपेक वारिगा' म्हणतात. 'गालुंगान' या त्यांच्या मोठ्या सणापूर्वीं पंचवीस दिवस तो येतो. त्या दिवशीं घरधनी फळझाडापाशीं जातो, त्याला खीर वाहतो, बुंध्यावर हलकेंच ठोकतो आणि त्याला 'काकी' म्हणजे 'आजोबा' अशी हांक मारून सांगतो कीं, सण पंचवीस दिवसांवर आला आहे, तेव्हां भरघोस फळ द्या. 'भरघोस' यासाठीं त्यांचा 'ङेद' असा एक शब्द आहे, आणि तो झाडाला ऐकूं जावा म्हणून पुनःपुन्हां उच्चारतात.

झाडाला आजोबा म्हणणाऱ्या या लोकांचा एक ग्रंथहि आहे. त्याचें नांव 'तरु प्रमाण'. तो ताडपत्रावरचा वैद्यक ग्रंथ आहे. तसल्या ग्रंथांना बालींत 'उसदा' म्हणतात, आणि हा आपला 'औषध' शब्द. ताडपत्राच्या पोथीला तेथें 'लोंतार' म्हणतात. 'रोन' म्हणजे पान, 'ताल' म्हणजे ताड. 'रोन-ताल' याचा वर्णविपर्यय होऊन 'लोंतार' झालें. घरचा शब्द व पाहुणा शब्द एकमेकांत असे मुरले आहेत, कीं आतां त्यांना वेगळें करतां येत नाहीं. या ग्रंथांतली कथा अशी. म्पु कुतुरान नांवाच्या ऋषींच्या औषधांना गुण येईनासा झाला. ते ध्यानास बसले, आणि एकेक झाड त्यांच्यापुढें येऊन आपली साक्ष देऊं लागलें : माझें नांव अमुक, मी उष्ण, मी शीत किंवा मी मध्यम, माझें मूळ, पान, चीक, साल अमुक रोगावर चालते. ग्रंथाचें नांव संस्कृत आहे. पण साक्ष देणारीं झाडें बहुतांशीं आपलीं घरचींच नांवें सांगतात. शीर्षकावर भुलून आपण पोथी मिटून ठेवली तर झाडांची साक्ष ऐकूं येणार नाहीं.

श्रोतेहो, येथें माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. घरचा शब्द हा केवळ वस्तूवर चिकटविलेली चिठ्ठी नसतो. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांठविलेला असतो. याचें एक खरेंखुरें प्रमाण सांगतों. बालींत शेताच्या पाण्याची वांटणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांना 'सुबाक' म्हणतात. अकराव्या शतकांतील लेखांपासून त्यांचा उल्लेख सांपडतो, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें त्यांना जागतिक वारशांत स्थान दिलें. या संस्थांचा एक शब्द आहे 'केर्तामासा'. सर्वांनीं ठरलेल्या वेळीं एकदम लावणी करावयाची, असा त्याचा अर्थ. सारीं शेतें एकदम लावलीं म्हणजे तीं एकदमच मोकळीं होतात, आणि किडीला खावयास कांहीं उरत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत अधिक पिकाच्या हव्यासानें सरकारनें नव्या जातींचें भात सतत लावण्याचा आग्रह धरिला. ज्यानें त्यानें सवडीप्रमाणें लावणी केली. परिणाम असा झाला कीं, तुडतुड्यांनीं व रोगांनीं शेतें खाऊन टाकलीं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनीं जलमंदिरांच्या जुन्या वेळापत्रकाचा अभ्यास करून १९९१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या वेळापत्रकांत पाण्याची व किडीची दोन्हीं गणितें सोडविलेलीं होतीं. जो शब्द जुनाट म्हणून बाजूस सारला, त्यांतच उपाय होता.

त्याच काळांत आणखी एक शब्द मागें पडला. उंच वाढणारें जुनें भात बाली स्त्रिया तळहातांत मावणाऱ्या लहान पात्यानें एकेक लोंबी करून कापीत. त्या पात्याचें नांव 'आंगापान'. नव्या ठेंगण्या जातींना विळा आला, मळणी शेतांतच होऊं लागली, आणि 'आंगापान'चें काम संपलें. 'बुसुंग'चेंहि तसेंच होण्याचें भय आहे. पूजेला लागणाऱ्या कोंवळ्या झावळ्या आतां मोठ्या प्रमाणांत जावांतून विकत येतात. ज्या मुलीनें झावळी केवळ बाजारांतल्या जुडीच्या रूपानें पाहिली, तिला 'बुसुंग' शब्द येईल. पण 'स्लेपान' व 'दान्युह' हे शब्द तिच्या कानीं पडतीलच, असें सांगवत नाहीं.

शाळेंत व कचेरींत इंडोनेशियन भाषा चालते. त्यांत बाली भाषेंतील मानाच्या पायऱ्या अवघड. चुकीची पायरी वापरली तर अपमान होईल या भीतीनें तरुण मंडळी आपली भाषा बोलण्याचेंच टाळतात. म्हणजे जें भाषेचें भूषण, तेंच तिच्या वाटेंतला कांटा होऊं पाहत आहे. हें ओळखून २०१८ सालीं बालीच्या राज्यपालांनीं भाषा, लिपि व साहित्य यांच्या रक्षणाचा नियम केला, आणि २०१९ पासून दर फेब्रुवारींत बाली भाषेचा महिना साजरा होतो.

शब्द जपण्याचें काम पूर्वींहि झालें आहे. हर्मन फान देर त्यूक नांवाचा डच पंडित १८७० सालीं बालींत आला व १८९४ मध्यें वारला तोंपर्यंत त्यानें तेथें शब्द गोळा केले. त्याचा कवि व बाली भाषांचा कोश त्याच्या पश्चात् १८९७ ते १९१२ या काळांत चार खंडांत छापला गेला. आपल्याकडे मोल्सवर्थनें १८३१ सालीं मराठी कोश प्रसिद्ध केला त्याच जातीचें हें काम. सिंगराजा येथें १९२८ सालीं ताडपत्रांचें ग्रंथालयहि स्थापन झालें, आणि तें आज 'गेदोंग कीर्त्या' या नांवानें चालू आहे. परंतु कोश हें शब्दांचें कोठार आहे, शेत नव्हे. कोठारांतला दाणा पेरला नाहीं तर तो तेथेंच किडून जातो. शब्द पेरावयाची जागा म्हणजे चूल, अंगण आणि शेत.

म्हणून आपल्यापैकीं कोणी पुढें-मागें बालीस गेलें, तर तेथें आपले संस्कृत शब्द अवश्य ओळखा. ते मानानें नांदत आहेत. पण तेवढ्यावर परतूं नका. भात विकणाऱ्या बाईला 'बाअस' आणि 'नासी' यांतला फरक विचारा, परड्या करणाऱ्या मुलीला झावळीचीं तीन नांवें विचारा. दुसऱ्याच्या घरीं जाऊन केवळ आपला आरसा शोधणें हें पाहुण्याला शोभत नाहीं.

आणि ज्यांना बालीस जाणें घडणार नाहीं, त्यांना हें काम आपल्या घरींच करतां येईल. पोय, शहाळें, अडसर, नारळ, गोटा. झावळ, चुडत, हीर. सोडण, काथ्या, करवंटी : यांतले किती शब्द आपल्या नातवंडांना येतात, तें आज रात्रीं जेवतांना विचारून पाहा. जे येत नसतील ते त्यांना पुस्तकांतून सांगूं नका. माडाखालीं नेऊन, ती ती वस्तु हातांत देऊन सांगा.